लाँचचा दिवस

मास्तरांनी एंटर दाबलं आणि खुर्ची टेबलापासून मागे ढकलली. पलीकडच्या सर्व्हरचा पंखा घोंघावायला लागला. पडद्यावर ओळी सरकू लागल्या, आधी रमतगमत, मग इतक्या भराभर की वाचायची सोयच उरली नाही.

"लागली," ते म्हणाले. "आता अठ्ठेचाळीस मिनिटं कुणी मध्ये बोलायचं नाही."

"मघाशीही हेच म्हणालात," घाईबाई म्हणाली. "आणि अठ्ठेचाळीस मिनिटं तुम्हीच बोलत होतात."

घाईबाई हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. चौतीस वर्षांची, एका मुलीची आई, पण जिना अजून दोन-दोन पायऱ्या घेत चढायची आणि चहाला उकळी फुटायच्या आत कप पुढे करायची. मास्तर अठ्ठावन्नचे. या कचेरीत येण्याआधी अकरा वर्षं त्यांनी कॉम्प्युटरचे वर्ग घेतले होते, तेव्हाचं 'मास्तर' अंगाला चिकटलं ते चिकटलंच. घाईबाईने प्रोग्रॅमची पहिली ओळ त्यांच्याच वर्गात लिहिली होती. आता हीच माझ्या पोटावर पाय आणते आहे, असं मास्तर सगळ्यांना सांगत आणि वर हसत. हसणं खरं होतं, पण अगदी पूर्ण नव्हतं.

गोष्ट तशी साधी होती. शहरातल्या सात रुग्णालयांचं मिळून चौकशीचं एक पान होतं. आपल्या माणसाचं नाव टाकायचं. तो दाखल असेल तर कुठे, कोणत्या मजल्यावर, कोणत्या खाटेवर ते दिसायचं. नाव पोचलं की सर्व्हरवरची स्क्रिप्ट सातही याद्या धुंडाळायची आणि उत्तराचं पान तयार करून पाठवायची. ही स्क्रिप्ट मास्तरांनी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिली होती. घाईबाईने तेच काम आठ महिने खपून एका नव्या साधनात लिहून काढलं होतं. दोन्हींवर एकच ओझं टाकायचं, तीन-तीनदा, आणि सरासरी काढायची. नवीच्या तिन्ही फेऱ्या काल झाल्या होत्या. जुनीची ही दुसरी. कोणती ठेवायची आणि कोणती काढून टाकायची, ते साहेबांना चार वाजेपर्यंत सांगायचं होतं.

"तुमची कशी आहे सांगू का?" घाईबाईने विचारलं. "गिऱ्हाईक आलं की कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, वस्तू शोधून द्यायची, दिवा घालवायचा, पुन्हा कुलूप. पुढचं गिऱ्हाईक पायरीवर उभं असलं तरी परत कुलूप उघडण्यापासून सुरुवात."

"आणि तुझी दुकान सताड उघडं टाकून बसते. सगळं तोंडपाठ."

"म्हणून तर पळते."

"पाठांतराने पास होतात, घाईबाई. शहाणे होत नाहीत."

त्यांचा खरा राग त्या पाठांतरावरच होता. पाच मिनिटांच्या आत तेच नाव पुन्हा विचारलं गेलं, तर नवी स्क्रिप्ट याद्या उघडतच नसे. मघाचं उत्तर लक्षात ठेवलेलं असे, तेच पुढे करी. जुनी मात्र दर वेळी पहिल्या यादीच्या पहिल्या नावापासून शोधायला लागायची. पाच मिनिटांत एखादी गाडी रुग्णालयाच्या दारात येते, माणूस आत जातो, त्याचं नाव चढतं. 'नाही' हे उत्तर कुणाला शिळं देऊ नये, असं मास्तरांचं म्हणणं.

ओझं कसलं टाकायचं याचाही त्यांचा नियम होता. मनाने रचलेली नावं चालायची नाहीत. खरी माणसं एकाच क्षणी झुंबड करतात, अक्षरं चुकवतात, उत्तर यायच्या आत पुन्हा कळ दाबतात. म्हणून त्यांनी एका खऱ्या दिवसाचा लॉग जपून ठेवला होता. चार लाख ओळी. किती वाजता, कुठून, काय विचारलं गेलं, याची नोंद. चाचणी म्हणजे तो दिवस सर्व्हरपुढे पुन्हा जसाच्या तसा घडवायचा, फक्त वेगाने, तासाला दोन मिनिटं. मास्तर त्याला लाँचचा दिवस म्हणत. नवं यंत्र आलं, लावा लाँचचा दिवस. जोडणी बदलली, लावा लाँचचा दिवस. चार वर्षांत तो सव्वाशे वेळा तरी लावून झाला होता.

चार वर्षांपूर्वी सकाळी आठ वीसची लाँच धक्क्याला लागायच्या आधी एका मालवाहू बार्जवर आदळून उलटली होती. दोनशेच्या वर माणसं पाण्यात. पलीकडच्या काठावरून कामाला येणारे सगळे त्याच लाँचचे, मास्तरसुद्धा. त्या दिवशी मात्र सर्व्हरची एक डिस्क बदलायची होती म्हणून ते सातच्या लाँचने आले होते. बायको सकाळची फिरायला गेलेली. तिची वाट न बघता, लवकर जातोय हे न सांगताच, दाराला कुलूप घालून निघाले. नऊच्या सुमाराला साऱ्या शहराने ते पान उघडलं. फोन केव्हाच तुंबले होते, उरलं होतं ते एवढं एक पान. मास्तर सर्व्हरच्या खोलीत शिरले ते संध्याकाळी बाहेर आले. पान रांगत होतं, पण बंद पडलं नाही. एकही रिक्वेस्ट उत्तराविना पडू दिली नाही, हे वाक्य नंतर त्यांनी किती वेळा म्हटलं याला गणती नाही.

त्याला जोडून एक किस्सा असायचा. घाईबाईने तो नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात ऐकला होता. सगळं शहर रडतंय, मी सव्वासातला घरी पोचतोय, दार उघडतंय, आणि आमच्या घरचं माणूस विचारतंय काय? 'आलात?' बस्स. आणि गेली ताट घ्यायला. नवरा रोज त्या लाँचने जातो हे बाईच्या गावीही नाही! मास्तर नक्कल झकास करत. ऐकणारे पोट धरून हसत. दीड वर्षापूर्वी बायको आजारपणात गेली. त्यानंतर किस्सा ते सांगत, पण नक्कल करत नसत.

अडीचच्या सुमाराला पंखा मंदावला. दुसरी फेरी पहिलीसारखीच निघाली. जुनीला एका उत्तरामागे सरासरी नऊ दशांश सेकंद, नवीला तीन शतांश. मास्तरांनी आकडे कागदावर उतरवले आणि पेनला टोपण लावलं.

"तीसपट," ते म्हणाले. "बरं लिहिलंयस."

घाईबाईला ते ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

"सगळी काही माझी करामत नाही," ती म्हणाली. "त्यात पाठांतराचा वाटा किती ते बघू. जी नावं पुन्हा पुन्हा विचारली गेली ती वेगळी काढते. नाहीतर तुम्हीच म्हणाल, फसवून जिंकली."

"म्हणेनच."

चार वर्षांत त्या चार लाख ओळी कुणी वाचल्या नव्हत्या. लॉगच्या ओळी मोजतात, वाचत नाहीत. पडद्यावर यादी आली. सगळ्यांत जास्त वेळा विचारलेली नावं वर. घाईबाई भराभर खाली गेली आणि मध्येच थांबली. ती थांबली हेच मास्तरांना खटकलं.

"काय झालं?"

"काही नाही. नावासारखी नावं असतात."

मास्तरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. सातव्या ओळीत त्यांचं नाव होतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. समोर आकडा होता एक्केचाळीस.

"असेल दुसरं कुणी," घाईबाई म्हणाली.

"कुठून विचारलंय ते काढ."

"मास्तर, राहू दे ना."

"काढ गं."

त्या पत्त्यावरून आलेल्या साऱ्या ओळी खाली उतरल्या. घरून काम करता यावं म्हणून मास्तरांनी स्वतः मागून घेतलेला, घरच्या इंटरनेट जोडणीचा कधी न बदलणारा क्रमांक प्रत्येक ओळीपुढे होता. स्वतःच्या दारावरची पाटी कुणी दोनदा वाचत नाही. मास्तरांनीही क्रमांक वाचला नाही, नुसता पाहिला.

पहिली ओळ नऊ वाजून सात मिनिटांची. मग नऊ अकरा. नऊ चौदा. नऊ वीस. ते पान कसं वापरायचं हे त्यांनीच बायकोला दाखवलं होतं, पान नवं होतं तेव्हा, कौतुकाने. नाव टाक, कळ दाब, एवढंच. प्रत्येक ओळीच्या शेवटी उत्तराला लागलेला वेळ होता. अकरा सेकंद. बारा सेकंद. चौदा. पान रांगत होतं असं ते इतकी वर्षं ज्याला म्हणत आले, ते हे. तेवढा वेळ कोऱ्या पडद्यापुढे बसायचं, आणि मग यायचं, 'या नावाची नोंद नाही'.

ओळी एकूण बेचाळीस होत्या. अकरा वाजून दोन मिनिटांची एक निराळी होती. त्या वेळी तिने नुसतं 'मास्तर' टाकलं होतं. बेशुद्ध माणसाचं पूर्ण नाव कोण सांगणार? बरोबरच्या कुणी सांगितलं तर तेवढंच सांगेल, असं तिला वाटलं असावं.

"तुम्ही फोन नव्हता केला?" घाईबाई बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"केला. बाराला, एकदा. लागला नाही." मास्तर पडद्याकडेच बघत होते. "मग म्हटलं, कळलं असेल तिला. न कळायला काय झालं? चार वाजता पुन्हा आठवण झाली, तर तेव्हाच एक डिस्क भरली." त्यांनी ओळींवरून बोट खाली फिरवलं. "माझ्या प्रोग्रॅमने बेचाळीस वेळा सातही याद्या पाहिल्या, घाईबाई. आणि मी फोन केला एकदा."

आपण चार वर्षं बायकोवर रुसून होतो हे त्यांना आत्ता कळलं. ते 'आलात?' त्यांना लागलं होतं. म्हणून तर त्याचा किस्सा केला होता, तिच्या तोंडावर चारचौघांत सांगितला होता, आणि ती चहाचे कप उचलत हसली होती. सव्वाशे गुणिले बेचाळीस हा हिशेब त्यांच्या डोक्याने आपसूक केला. पाच हजारांच्या वर वेळा त्यांनी तिला त्या खोलीत एकटीला बसवलं होतं आणि तेच विचारायला लावलं होतं, आणि स्वतः इकडे सरासरी काढत बसले होते.

घाईबाई ओळींच्या शेवटाशी पोचली होती.

"मास्तर, त्या दिवशी तुम्ही घरी किती वाजता पोचलात?"

"सव्वासात. तुला पाठ आहे की."

"मग या सहा?"

सात सत्तावीस. सात पंचेचाळीस. आठ दहा. आठ बत्तीस. आठ पन्नास. शेवटची सव्वानऊची. नाव तेच, पूर्ण.

मास्तरांनी ती संध्याकाळ एकेक क्षण करून आठवली. दार उघडल्यावर तिने आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं होतं. बूट कोरडे होते. मग वर बघून 'आलात?' म्हणाली होती. बुटांचं किस्स्यात कधी आलं नव्हतं, त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. सात सत्तावीसला ते न्हाणीघरात होते. पावणेआठला ते जेवत होते. ती वाढून बाहेर गेली होती, कशाला ते त्यांनी विचारलं नव्हतं. आठ दहाला ते कॉटवर पाय पसरून आकडे सांगत होते, किती लाख, किती सेकंद, आणि बाहेरच्या खोलीतून ती हुंकार देत होती. मग त्यांचा डोळा लागला. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. ते घरात होते, आणि दहा पावलांवर बसून ती त्यांना रुग्णालयात शोधत होती.

"खात्री करून घेत असतील," घाईबाई म्हणाली. "भीती अशी एकदम उतरत नाही, मास्तर. माझी मुलगी एकदा बाजारात हरवली होती. सापडली, कडेवर घेतली, तरी मी गर्दीत तिलाच शोधत होते."

"असेल."

"तसंच असणार."

"किंवा मग ज्याला शोधत होती तो आलाच नव्हता," मास्तर म्हणाले. "आकडे सांगणारा एक माणूस आला होता."

घड्याळात तीन वाजायला आले होते. जुन्या स्क्रिप्टची तिसरी फेरी राहिली होती.

मास्तरांनी कीबोर्ड ओढून घेतला. फेरी लावायच्या ऐवजी त्यांनी चाचणीसाठी ठेवलेली याद्यांची प्रत उघडली. त्या दिवशी दाखल झालेली सगळी माणसं तिथे होती. नाव, वय, रुग्णालय, मजला, खाट, प्रकृती. सगळ्यांत खाली त्यांनी एक नवी ओळ घातली. आपलं नाव लिहिलं. वय चौपन्न. रुग्णालयाच्या रकान्याशी थोडे अडले, मग तिथे 'कचेरी' लिहिलं. मजला दुसरा. खाट कोरी सोडली. प्रकृती: सुखरूप.

"याने फेरी बाद होईल," घाईबाई हळूच म्हणाली. "मागच्या दोनांशी उत्तरं जुळणार नाहीत."

"एक्केचाळीस जुळणार नाहीत."

चाचणीच्या यादीला कुणी बोट लावलं तर कचेरी डोक्यावर घेणारा हा माणूस. घाईबाई उठली. तिने दार लोटून घेतलं आणि साहेबांना फोन लावला. यंत्राने जरा त्रास दिलाय, निकाल उद्या देतो, असं सांगितलं. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, म्हणून तेही तिने घाईनेच उरकलं.

मास्तरांनी एंटर दाबलं. या वेळी पडद्यावर फक्त त्या एका पत्त्यावरच्या ओळी दिसतील असं त्यांनी केलं होतं, म्हणून पडदा रिकामाच राहिला. कोपऱ्यात तेवढं त्या दिवसाचं घड्याळ पळत होतं. पहाट झाली, सहा वाजले, सात वाजले. सातला ते लाँचमध्ये बसले असतील. आठ वीस आले आणि गेले. मास्तरांचे दोन्ही हात मांड्यांवर होते, शाळेत नाव पुकारायची वाट बघणाऱ्या मुलासारखे.

नऊ सातला ओळ उमटली. जुनी स्क्रिप्ट नेहमीच्या संथपणाने उठली, पहिल्या यादीच्या पहिल्या नावापासून सातही याद्या उतरत खाली आली, आणि उत्तर गेलं. कचेरी, दुसरा मजला, सुखरूप.

"गेलं," मास्तर म्हणाले. "मिळालं तिला. पहिल्याच वेळी मिळालं."

आठ सेकंदांनी पुढची ओळ आली. नऊ अकरा. तेच नाव. उत्तर गेलं. सहा सेकंदांनी नऊ चौदा.

मास्तरांनी वळून घाईबाईकडे पाहिलं. लॉग म्हणजे काय हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. त्यात नुसतं विचारणं असतं; उत्तर काहीही जावो, पुढचा प्रश्न त्याच्या ठरल्या वेळी येतोच. हे त्यांना माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? तरीही त्यांना वाटलं होतं, की नाव सापडल्यावर ती थांबेल.

नऊ वीस. नऊ छत्तीस. दहा वाजून चार. दर वेळी उत्तर जात होतं. अकरा दोनला नुसतं 'मास्तर' आलं आणि त्याला 'नोंद नाही' असं उत्तर गेलं. तेवढं यादीत लिहायचं राहिलं होतं. "अरे देवा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून डोळ्यांवर तळहात दाबला.

दुपार उलटली. चार वाजले, पाच वाजले. ओळी विरळ होत गेल्या, मग पुन्हा दाट झाल्या. कोपऱ्यातल्या घड्याळात सव्वासात झाले. सात सत्तावीसला ओळ आली. घाईबाईला ते बघवेना. तिने ओढणीने नाक पुसलं आणि कीबोर्डवर बोट ठेवलं.

"मास्तर, फेरी बादच आहे. थांबवू का?"

"नको," मास्तर म्हणाले. "सव्वानऊपर्यंत विचारते ती. तोवर मी इथेच आहे."